टिळकांचा ख्रिस्ती संन्यास

संन्यास म्हटला की घरदार सोडणे आपल्या डोळ्यांपुढे येते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी पत्नीमुलांचा त्याग केला नाही. त्यांनी पगाराचा त्याग केला.

१८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले हे कोकणातले कवी अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत होते. असा मिशनचा उपदेशक बाजारात येशूचे नाव घेऊ लागला की ऐकणाऱ्याच्या मनात शंका येई : हा ख्रिस्ताचा दास, की मिशनचा नोकर? या शंकेला वादाने उत्तर देता येत नाही. संतांच्या अभंगांवर वाढलेला आपला समाज परमार्थावर पोट भरणाऱ्यावर सहसा विश्वास टाकीत नाही. टिळक त्याच अभंगांवर वाढले होते. त्यांना हे कोणी सांगावे लागले नाही.

१९१७ साली त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली, साताऱ्यास बिऱ्हाड नेले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्ताचा बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तेथे जागा होती.

असा त्याग एकट्याचा कधीच नसतो. पगार गेला तो लक्ष्मीबाईंच्या संसारातूनही गेला. टिळकांचा गौरव करताना हा हिशेब विसरू नये.

दोन वर्षे पुरी होण्याआधीच, १९१९ च्या मे महिन्यात, टिळक वारले. दरबारही पुढे फार काळ टिकला नाही. त्यांची पदे मात्र मराठी चर्चमध्ये आजही गातात. त्यांतली कित्येक पगारी दिवसांतलीच आहेत. तेव्हा पगाराने भक्ती बाटते असे नव्हे. ऐकणाऱ्याचा विश्वास तेवढा आटतो. टिळकांनी पगार सोडला तो त्या विश्वासासाठी.