हवा-इंधन गुणोत्तराच्या अनियमित नोंदींचे निदान

टर्बोचार्जर असलेल्या व मूळ रचनेत फेरफार केलेल्या पेट्रोल मोटारीत हवा-इंधन गुणोत्तराचा मापक कधी कधी अकारण खाली-वर होणारे आकडे दाखवतो. हा बदल मिश्रणातील आहे की मापनातील, हे ठरवणे म्हणजे या नोंदींचे निदान होय. टर्बो इंजिनात पूर्ण भाराखाली मिश्रण विरल झाल्यास नॉकिंग होऊन अल्पावधीत पिस्टन वितळू शकतो. त्यामुळे चुकीच्या आकड्यावर विसंबून इंधन कमी करणे धोक्याचे ठरते.

मापनाचे तत्त्व

एक किलो पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास वस्तुमानाने सुमारे १४.७ किलो हवा लागते. प्रत्यक्ष गुणोत्तराला या आदर्श गुणोत्तराने भागले असता ‘लॅम्डा’ हे मूल्य मिळते. लॅम्डा १ पेक्षा कमी असल्यास मिश्रण समृद्ध, जास्त असल्यास विरल. गॅरेजमध्ये मात्र ‘रिच’ आणि ‘लीन’ हेच शब्द रुळले आहेत. संवेदक लॅम्डा ठरवतो आणि बहुतेक मापक त्याला १४.७ ने गुणून आकडा दाखवतात. शुद्ध इथेनॉलचे आदर्श गुणोत्तर ९ च्या आसपास असल्यामुळे भारतातील २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलचे ते सुमारे १३.५ भरते, तरीही लॅम्डा १ असताना मापकावर १४.७ च दिसते. म्हणून तुलना लॅम्डामध्ये करणे अधिक योग्य.

बॉश कंपनीचा लॅम्डा संवेदक १९७६ मध्ये व्होल्वो मोटारींत प्रथम वापरात आला. हा नॅरोबँड प्रकार मिश्रण लॅम्डा १ च्या कोणत्या बाजूस आहे एवढेच सांगतो. त्याला मापक जोडल्यास सुई सतत झुलते. तो दोष नसून संवेदकाचा स्वभाव आहे. फेरफार केलेल्या मोटारीत वाइडबँड संवेदक आवश्यक असतो.

दोन्ही प्रकारांना इंधन ‘दिसत’ नाही. धुरातील ऑक्सिजन आणि न जळलेले वायू यांवरूनच ते मिश्रणाचा अंदाज करतात. बहुतेक फसव्या नोंदींचे मूळ येथे आहे.

फसव्या नोंदी

सर्वांत जास्त घोटाळा मिसफायरमुळे होतो. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही, तर तेथील ऑक्सिजन न वापरता बाहेर पडतो आणि मिश्रण समृद्ध असूनही मापक ते विरल दाखवतो. बूस्ट वाढल्यावर सिलिंडरमधील दाब वाढतो व ठिणगीस अधिक व्होल्टेज लागते. म्हणून अशा इंजिनात स्पार्क प्लगची फट अनेकदा ०.६ ते ०.७ मिलिमीटरपर्यंत कमी करतात. हे न ओळखता इंधन वाढवत गेल्यास मिसफायर आणखी वाढतो.

संवेदकाच्या आधी एक्झॉस्टच्या जोडात गळती असल्यास आयडलिंगला बाहेरची हवा आत ओढली जाते आणि नोंद विरल येते. भाराखाली आतला दाब वाढताच हा दोष बहुधा नाहीसा होतो. संवेदक टर्बोच्या आधी बसवल्यास तेथील उच्च दाब व उष्णता नोंद बिघडवतात. म्हणून तो टर्बोनंतर डाउनपाइपमध्ये बसवतात, तोही किंचित तिरका, म्हणजे साचलेले पाणी तापलेल्या सिरॅमिकवर पडून ते तडकत नाही. सिलिकॉन सीलंटची वाफ व शिसेयुक्त इंधन यांनीही संवेदक निकामी होतो.

विद्युत दोष तितकेच सामान्य आहेत. ० ते ५ व्होल्ट म्हणजे १० ते २० गुणोत्तर अशी रचना असलेल्या मापकात अर्थिंगमधील अवघ्या ०.१ व्होल्टच्या फरकाने ईसीयूच्या नोंदीत ०.२ ची चूक येते. मापक स्थिर आणि ईसीयूची नोंद अस्थिर असेल, तर आधी अर्थिंग तपासावे.

खरे बदल

हवेचे वस्तुमान मोजणारा एमएएफ सेन्सर असलेल्या इंजिनात (उदा. सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स) सेन्सरनंतरच्या बूस्ट पाइपमधून मोजलेली हवा निसटली, तर मिश्रण समृद्ध होते. हवा बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवल्यास गिअर बदलताना हेच क्षणभर घडते. मॅनिफोल्डमधील दाबावरून हवेचा अंदाज घेणाऱ्या प्रणालीत हा परिणाम सहसा आढळत नाही.

उच्च आरपीएमला नोंद हळूहळू विरल होत जाणे सर्वांत गंभीर. इंधनाचा दाब बूस्टइतकाच वाढायला हवा. तो वाढत नसल्यास पंप, फिल्टर वा रेग्युलेटर संशयित ठरतो. मोठे इंजेक्टर बसवल्यावर केवळ आयडलिंगलाच चढउतार होत असतील, तर इंजेक्टर उघडण्यास लागणारा वेळ ईसीयूमध्ये चुकीचा भरलेला असण्याचा संभव असतो. हा वेळ बॅटरीच्या व्होल्टेजनुसार बदलतो.

तपासणी

आरपीएम, बूस्ट, लॅम्डा, इंधनदाब आणि बॅटरी व्होल्टेज एकाच कालअक्षावर नोंदवून दोष नेमका केव्हा उद्भवतो ते पाहतात. त्यानंतर धूर सोडून गळती शोधणे, संवेदक मोकळ्या हवेत (सुमारे २०.९ टक्के ऑक्सिजन) तपासणे आणि शेवटी दुसरा संवेदक लावून पाहणे, असा क्रम सोयीचा असतो. कारण सापडेपर्यंत बूस्ट वेस्टगेटच्या स्प्रिंगने ठरणाऱ्या किमान पातळीवर ठेवतात आणि ईसीयूमधील इंधनाच्या कोष्टकाला हात लावत नाहीत.