पट्टा आणि पाटी : आदिलाबादच्या गोंडांचा प्रश्न

हैदराबाद संस्थानाच्या इतिहासात आदिलाबादच्या गोंड व कोलाम समाजांचा उल्लेख बहुधा कुमराम भीम यांच्या बंडापुरता येतो. बंडानंतर काय घडले, हा भाग शिक्षणक्षेत्रातील वाचकांसाठी अधिक महत्त्वाचा आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथील जंगले राखीव झाली. गोंड शेतकरी काही वर्षे जमीन कसून ती पडीक ठेवीत. हाती पट्टा नसल्याने अशी जमीन जंगलात धरली गेली. चांगली काळी जमीन बाहेरून आलेल्यांनी आपल्या नावावर करून घेतली. राखीव हद्दीतील वस्त्या उठवताना घरे जाळली गेली. बाबेझरी-जोडेघाट परिसरात भीम यांनी याला विरोध केला. १९४० साली पोलिसांच्या गोळीबारात ते साथीदारांसह मारले गेले.

यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना पाहणीस नेमले. असंतोषाचे मूळ जमिनीत आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. महसूल खाते सांभाळणारे ग्रिगसन यांनी त्यांना पाठबळ दिले. पुढील काही वर्षांत सुमारे १,६०,००० एकर जमिनीचे पट्टे आदिवासींना मिळाले. ज्या राजवटीत गोळीबार झाला, तिच्याच काळात ही सुधारणाही सुरू झाली. इतिहासाने दोन्हींची नोंद ठेवली पाहिजे.

पट्ट्याबरोबर पाटीही आली. १९४३ मध्ये मारलवाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले. थोडेफार मराठी लिहिता-वाचता येणारे तरुण प्रथम निवडले गेले. गोंडी भाषेची वाचनपुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली. दफ्तराची भाषा उर्दू असताना मुलांची सुरुवात मातृभाषेतून व्हावी, हा निर्णय दूरदृष्टीचा होता. पुढे इतिहासकार म्हणून ख्यातनाम झालेले सेतु माधवराव पगडी यांनीही अधिकारी म्हणून या भागात काम केले आणि गोंडी भाषेचा अभ्यास केला.

१९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत किनवट व राजुरा मुंबई राज्यात गेले, तर उरलेला आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिला. एकाच समाजाच्या मुलांपुढे दोन राज्यभाषा आल्या आणि गोंडी शिक्षणाचा प्रयोग मागे पडला. आदिवासी जमिनीच्या हस्तांतरणावर १९५९ च्या विनियमाने आणि १९७० च्या दुरुस्तीने निर्बंध घातले. तरीही जमिनी जातच राहिल्या. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्ली येथे पुन्हा गोळीबार झाला. सरकारी आकड्यानुसार त्यात १३ जण मरण पावले, इतरांच्या मते मृतांची संख्या याहून बरीच मोठी होती.

२००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा मान्य केला आणि दाव्यांची सुरुवात ग्रामसभेकडे सोपविली. त्याखालील नियमांनुसार गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदविलेले कथनही पुरावा ठरते. येथे शिक्षकांचे काम सुरू होते. वनक्षेत्राजवळील महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांकडून अशी कथने नीट लिहून घेतली, तर इतिहासाचा अभ्यास आणि हक्काचे रक्षण दोन्ही साधतील. पट्टा मिळाला तरी तो वाचणारा घरात नसेल, तर जमीन टिकत नाही. आदिलाबादचा इतिहास हेच सांगतो.