मेल क्लायंटमध्ये ई-मेल खाते जोडणे (सातारा-सांगली)

ई-मेल खाते ज्या कंपनीचे आहे तिच्या संकेतस्थळावर न जाता थंडरबर्ड, आउटलुक, ॲपल मेल अशा वेगळ्या प्रणालीतून (मेल क्लायंटमधून) त्याच खात्यावरील पत्रे वाचण्याची व पाठवण्याची सोय. एकाच टेबलावर अनेक खाती सांभाळावी लागणाऱ्यांना तिचा खरा उपयोग होतो : महाविद्यालयांची कार्यालये, करसल्लागार, तासगाव-मिरज पट्ट्यातील द्राक्ष निर्यातदार. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांची कृषी निर्यात प्राधिकरण असलेल्या अपेडाच्या ग्रेपनेट प्रणालीत बागेपासून नोंद होते आणि कीडनाशकांच्या अवशेषांची प्रयोगशाळेत तपासणी होते. हंगामात अहवाल, बिले आणि जहाजाची कागदपत्रे निरनिराळ्या पत्त्यांवर येतात. ती एका ठिकाणी, नेट गेल्यावरही शोधता येणे मोलाचे ठरते.

खाते जोडण्याच्या दोन पद्धती आहेत. जुन्या पॉप-३ पद्धतीत पत्रे संगणकावर उतरवली जातात आणि सेटिंग तसे असल्यास सर्व्हरवरून पुसली जातात. १९९५ नंतरच्या डायल-अप काळात फोनचे बिल वाचवण्यासाठी हे सोयीचे होते : फोन लावायचा, पत्रे उतरवायची, फोन सोडायचा आणि मग निवांत वाचायचे. आज कार्यालयातील संगणक व खिशातला मोबाइल दोन्हीकडे तेच खाते असते, म्हणून आयमॅपच निवडावे. यात मूळ प्रत सर्व्हरवर राहते. एकीकडे वाचलेले पत्र दुसरीकडेही वाचलेले दिसते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालत असेल, तर थंडरबर्डला सगळी जुनी पत्रे उतरवू देऊ नयेत. खात्याच्या सेटिंगमध्ये शेवटच्या ३० दिवसांची मर्यादा घालता येते. पाटण किंवा जतसारख्या भागात जिथे रेंज कमी-जास्त होते, तिथे हा फरक चटकन जाणवतो.

नाव, पत्ता व पासवर्ड भरल्यावर प्रचलित सेवांच्या सर्व्हरची माहिती क्लायंट स्वतःच शोधतो. न सापडल्यास येणाऱ्या पत्रांसाठी आयमॅपचे पोर्ट ९९३ आणि जाणाऱ्या पत्रांसाठी एसएमटीपीचे ४६५ किंवा ५८७ हाताने भरावे लागते. संस्थेच्या पत्त्यात डोमेन संस्थेचे आणि मागची सेवा गूगल, मायक्रोसॉफ्ट वा झोहोची, असे पुष्कळदा असते. अशा वेळी सर्व्हरच्या रकान्यात त्या सेवेचे नाव हवे, संस्थेचे नव्हे. याची चौकशी आधीच केली, तर अर्धा दिवस वाचतो.

सर्वाधिक अडचण पासवर्डची. जीमेलच्या वैयक्तिक खात्यांसाठी गूगलने ३० मे २०२२ पासून नुसत्या नेहमीच्या पासवर्डवर बाहेरील प्रणालींना प्रवेश देणे थांबवले. पासवर्ड बरोबर असूनही तो चुकीचा असल्याचा संदेश येतो, आणि माणूस उगाच पासवर्ड बदलत बसतो. नव्या थंडरबर्डमध्ये गूगलचीच खिडकी उघडते. तिथे लॉगिन करून परवानगी दिली की काम होते. जुन्या आउटलुकमध्ये ही सोय नसते. तिथे आधी द्विस्तरीय पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड काढावा लागतो. तो एकदाच दाखवला जातो, तेव्हाच क्लायंटमध्ये चिकटवावा.

प्रत्येक संगणकासाठी वेगळा ॲप पासवर्ड ठेवावा. कर्मचारी सोडून गेला किंवा जुना संगणक विकला, की खात्याच्या सुरक्षा पानावर तेवढाच रद्द करता येतो. बाकीचे संगणक चालूच राहतात.