सगळ्यात तगडा कोण? आधी पटावर बसू तर द्या!

मागच्या भागानंतर नगरहून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरहून, एका श्रोत्याचा प्रश्न आला. त्यांच्या गावचा शार्दूल गागरे 2016 साली ग्रँडमास्टर झाला, तेव्हापासून त्यांच्या कट्ट्यावर वाद चालूच आहे. सगळ्यात तगडा बुद्धिबळपटू ठरवायचा कशावरून? किताबावरून, रेटिंगवरून, की समोरासमोर कोण जिंकतं यावरून?

रेटिंग म्हटलं की उत्तर सोपं वाटतं. प्राध्यापक आर्पाद इलो यांची पद्धत फिडेने 1970 साली स्वीकारली. जिंकलात की आकडा वर, हरलात की खाली. पण किती वर, हे समोरच्याच्या आकड्यावर ठरतं. मग तगड्यांसमोर बसूच दिलं नाही, तर आकडा चढायचा कसा?

हे काही कल्पनेतलं नाही बरं का. 1976 साली रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. वय वर्षं 13! ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांची ही मुलगी. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा 1974 साली सुरू झाली, पहिली विजेती रोहिणीची बहीण वासंती. पुढे दशकभर वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघींनी ते विजेतेपद घराबाहेर जाऊच दिलं नाही. म्हणजे महिलांमध्ये तगडं कोण, हा वाद घरातच मिटत होता. पण पुरुषांसमोर ती बसली, काहींना हरवलंही, आणि गदारोळ उठला. प्रकरण थेट उच्च न्यायालयात गेलं. शेवटी फिडेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी सांगितलं, की स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही. हे युवे म्हणजे 1935 साली अलेखाइनला हरवून जगज्जेते झालेले गृहस्थ. हरलेल्यांची जळजळ त्यांना कळली नसेल असं नाही! 1981 साली रोहिणी आशियाई महिला विजेती झाली.

किताबाचंही असंच. हंगेरीची ज्युडिट पोल्गार महिलांच्या जगज्जेतेपदासाठी कधी खेळलीच नाही, आणि सगळ्यांच्या एकत्र यादीत 2005 साली आठवी होती. कपाटात तो करंडक नाही म्हणून तिला कमी कोण म्हणेल?

आता उलटं उदाहरण, आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखचं. जुलै 2025, बातुमी, महिला विश्वचषकाची अंतिम लढत. समोर कोनेरू हंपी, रेटिंगने बरीच वर. दोन मोठे डाव बरोबरीत, पहिला रॅपिडही बरोबरीत, दुसरा दिव्याने मारला. एरवी ग्रँडमास्टर व्हायला तीन नॉर्म आणि 2500 रेटिंग लागतं. दिव्याकडे एकही नॉर्म नव्हता, रेटिंगही 2500च्या खाली. विश्वचषक जिंकला म्हणून किताब थेट मिळाला. काहींनी नाकं मुरडली. मला विचाराल तर रेटिंग हा मागचा हिशेब, त्या दिवशीचा डाव नव्हे.

कट्ट्यावर यावर घाला पुढचा वाद : त्या दिवशी तगडी कोण, हंपी की दिव्या? निकाल कळवा.