लातूरच्या गाण्यापुढे लाकडी स्टँड का नव्हता

लातूर-नांदेडच्या गाण्याबजावण्यात वीणा, पखवाज, टाळ, तंबोरा, पेटी असे सगळे होते. गाणाऱ्यापुढे कागद धरणारा लाकडी स्टँड तेवढा नव्हता. आपले गाणे गुरुमुखातून आले, ते लिहिलेच नाही, मग स्टँड कशाला, असे त्याचे उत्तर दिले जाते. मला ते अपुरे वाटते. या भागात गाणे लिहिलेही गेले आणि पुस्तक धरायची लाकडी घडीही होती, तरी दोन्हींची गाठ गाण्याच्या बैठकीत पडली नाही. लिहिलेले गाणे आहे म्हणून स्टँड येत नाही. एकाच वेळी वाजवणाऱ्यांना वेगवेगळे वाजवायचे असते, तेव्हा तो येतो.

आधी घडीकडे पाहू. कुराणासाठी वापरतात ती रेहाल आणि पारायणात ज्ञानेश्वरी ठेवतात ते घडीचे व्यासपीठ, घडण एकच. चांगली रेहाल एकाच फळीतून निघते. फळी दोन्ही टोकांकडून जाडीत चिरत आणायची, मध्ये एक पट्टा तसाच ठेवायचा आणि त्यात पटाशीने एकाआड एक गाठी कोरून बिजागरी मोकळी करायची. खिळा नाही, सरस नाही. उघडली की फुलीसारखी उभी राहते, मिटली की पुन्हा फळी. लाकडाची रेघ तिरपी असली तर नेमकी गाठच तुटते, म्हणून सरळ रेघेचे सागवान किंवा शिसम हवे. सागवानाचे जंगल तर नांदेड जिल्ह्यातच, किनवटला आहे. हस्तलिखित पोथीची सुटी आडवी पाने पाटावर सपाट बसतात; फुलीची घडी शोभते ती शिवलेल्या ग्रंथाला. त्यावरून मी ती मुसलमानी ग्रंथपरंपरेतून इकडे आली असे मानतो. लातूर जिल्ह्यातल्या उदगीरच्या शेजारी बीदरला महमूद गावानचा मदरसा 1472 मध्येच उभा होता. गावच्या सुताराचे बलुते नांगर, तिफण, कुळवाचे होते, घडी त्यात मोडत नव्हती. पण ती कोरण्याइतका हात या भागात नव्हता असे कोणी म्हणू नये.

गाणे लिहिले गेले याचे पुरावेही जवळच आहेत. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (1551–1615) पदांचा ‘पदार्णव’ रचला. शिवाय पंचीकरण लिहायला सुमारे 40 फूट लांबीची कापडी पासोडी घेतली, जिला धरेल असा स्टँड कोणत्याच सुताराला जमला नसता! नांदेडला 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगांनी ज्याला गुरुपद दिले, त्या गुरू ग्रंथसाहिबाची मांडणीच मुख्यतः रागांनुसार आहे, 31 रागांत. पण मंजीवर, म्हणजे छोट्या चौरंगावर, ठेवलेल्या ग्रंथाशी तो वाचणारा ग्रंथी बसतो. रागी, म्हणजे कीर्तन गाणारे, बाजूला बसून गातात. भजनी मंडळींकडे हाती लिहिलेली बाडे असत. आता कोणी म्हणेल, टाळकऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले, स्टँडची खरी गरज त्यालाच. ती भासली नाही, कारण पुढचा गाणारा चरण म्हणतो आणि मागचे तोच उचलतात. एकाला पाठ असले की पन्नासांचे भागते. औशाच्या नाथ संस्थानाच्या चक्रीभजनात तर गाणारे पावले टाकत फिरतात. तिथे स्टँड मांडायचा कुठे?

यावर बिनतोड वाटणारा आक्षेप म्हणजे भातखंडे आणि पलुस्कर. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, दोघांनी आपापल्या स्वरलिपी रुळवल्या, पुस्तके छापली. लेखनाने स्टँड येणार असता तर तेव्हा यायला हवा होता. पण ती लिपी शिकण्यापुरती, आठवणीपुरती राहिली. मैफलीत बंदिश तोंडपाठच हवी, आणि तानेची वाट गायक तिथल्या तिथे काढणार. उलट गोव्यात पहा. पोर्तुगीज अमलात चर्चच्या शाळांतून मुले स्वरलेखन वाचायला शिकली आणि व्हायोलिनसह मुंबईच्या सिनेमात आली. संगीतकार शंकर-जयकिशनसाठी सेबॅस्टियन डिसोझा वाद्यवृंदाची रचना लिहीत, तेव्हा प्रत्येक वाद्यगटाचा कागद वेगळा. शेजाऱ्याचे ऐकून वाजवायची सोय नाही. असा कागद पुढे मांडावाच लागतो. गोवेकर अधिक लिहिते होते एवढ्यावर हा फरक उलगडत नाही. त्यांच्या संगीतात स्वरांची वाटणी होती, आपल्यात नव्हती.

आज भजनाच्या बैठकीत पत्र्याचा स्टँड आणि त्यावर मोबाइल दिसतो. गाणी वाढली, पाठांतर कमी झाले. त्यात वाईट काही नाही. पण हा स्टँड उभ्याने वाजवणाऱ्यासाठी बेतलेला आहे. खाली ओढला तरी त्याचे तीन पाय बैठकीची जागा खातात. व्यासपीठाची घडी बैठकीला योग्य, मात्र ती ठेंगणी, गाणाऱ्याची मान वाकते आणि आवाज दबतो. शिवाय तिच्या खाचेत सुटा कागद टिकत नाही. तिला लांब पाय द्यावेत, एक बाजू रुंद करून खाली पट्टी ठोकावी, उतार मांडी घालून बसलेल्याच्या नजरेला जुळवावा. लातूरच्या सुतारांनी ती बनवून पहावी आणि भजनी मंडळांनी पत्र्याऐवजी ती मागावी.