छातीतली धडधड आणि साक्षीचा प्रश्न



आजचा विषय वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला, सत्तरी ओलांडलेला माणूस, आणि बोलणार कशावर, तर गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्या तरुण मुलींच्या छातीतल्या धडधडीवर! मी डॉक्टर आहे, पण नुसता कागदावरचा. तेव्हा औषधाचा सल्ला माझ्याकडे मागू नका. मला बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीवर. एखादी बाई म्हणते, ‘मला असं होतंय’, तेव्हा तिचं म्हणणं पुरावा म्हणून केव्हा धरलं गेलं आणि केव्हा नाही, याचा हा इतिहास आहे.

सुरुवात घरापासूनच करतो. माझी एक भाची आमच्याकडे राहून शिकत होती. नुकतंच लग्न झालं होतं आणि गोळ्या सुरू होत्या. एकदा स्वयंपाकघरात ती मामीला सांगत होती, की रात्री आडवं झालं की छातीत धडधडतं, जिना चढला की जास्तच. डॉक्टरांनी ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणून परत पाठवलं होतं. मी बाहेर पेपर वाचत होतो. तिथूनच म्हणालो, ‘अगं, परीक्षा जवळ आली की होतं असं.’ झालं. त्यानंतर तिनं माझ्यासमोर तो विषय काढला नाही. तिचं पुढं काय झालं ते शेवटी सांगतो.

आता इतिहासाकडे वळू. १९५६ साली पोर्तो रिको बेटावर, सान हुआनजवळच्या रिओ पिएद्रास इथल्या एका नव्या वसाहतीत गोळीची पहिली मोठी चाचणी सुरू झाली. ग्रेगरी पिंकस आणि जॉन रॉक हे तिचे प्रमुख शास्त्रज्ञ. तिथलं काम पाहात होत्या डॉ. एड्रिस राइस-रे. गोळी काम करते यात त्यांना शंका नव्हती. पण सुमारे १७ टक्के बायका मळमळ, चक्कर, डोकेदुखी, उलट्या अशा तक्रारी करत होत्या. राइस-रे यांनी लेखी कळवलं, की इतके त्रास असतील तर ही गोळी सर्रास देण्याजोगी नाही. पिंकस यांना वाटलं, की यातला बराचसा भाग मनाचा खेळ आहे. बायकांना आधीच त्रासाची कल्पना दिली म्हणून त्यांना त्रास जाणवतो, असा त्यांचा तर्क. तो अगदीच वेडगळ नव्हता, सूचनेचा परिणाम होतो हे खरंच आहे. पण ‘काही तक्रारी मनाच्या असू शकतात’ इथून ‘तक्रारी मनाच्याच आहेत’ इथवर उडी कशी मारली, ते पाहा.

बरं, गोळीत होतं काय? १९६० साली अमेरिकेत गर्भनिरोधक म्हणून मान्यता मिळालेल्या एनोविडच्या एका गोळीत जवळपास १० मिलिग्रॅम प्रोजेस्टिन आणि १५० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन होतं. आपल्याकडच्या माला-डी मध्ये इस्ट्रोजेन आहे ३० मायक्रोग्रॅम. रसायन थोडं वेगळं आहे, म्हणून आकड्याला आकडा लावता येत नाही, पण अंदाज येतो.

१९६१ साली इंग्लंडमधल्या जॉर्डन नावाच्या एका साध्या गावडॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ला पत्र लिहिलं. हेच औषध घेणाऱ्या एका परिचारिकेच्या फुप्फुसात रक्ताची गुठळी गेली होती. असं झालं की धाप लागते, छातीत दुखतं, नाडी धावते. म्हणजे धडधडच! पत्र एकच, पण त्यानं दार उघडलं. १९६८ साली इनमन आणि व्हेसी यांच्या अभ्यासांनी गोळी आणि गुठळी यांचा संबंध पक्का केला. पुढच्याच वर्षी ब्रिटनच्या समितीनं ५० मायक्रोग्रॅमहून जास्त इस्ट्रोजेनच्या गोळ्या टाळायला सांगितलं.

१९६९ मध्ये बार्बरा सीमन या पत्रकार बाईंचं गोळीवरचं पुस्तक आलं आणि जानेवारी १९७० मध्ये सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांनी वॉशिंग्टनला सुनावणी सुरू केली. साक्षीला डॉक्टर आले, शास्त्रज्ञ आले. नव्हती ती फक्त गोळी घेणारी बाई! ॲलिस वुल्फसन आणि तिच्या मैत्रिणी प्रेक्षकांत बसल्या होत्या. त्या उठून विचारायला लागल्या, की आमच्यापैकी कुणालाच का बोलावलं नाही? कॅमेरे त्यांच्याकडे वळले. त्याच वर्षी गोळीच्या पाकिटात धोक्याची माहिती देणारा कागद घालायचं ठरलं. डॉक्टरांच्या संघटनेच्या आणि कंपन्यांच्या विरोधामुळे मसुद्याला बरीच कात्री लागली, पण कागद आला. आज पाकिटातली ती बारीक अक्षरातली घडी आपण न वाचता फेकतो. ती कुणाच्या आरडाओरड्यानं आली, हे लक्षात असू द्या.

आता जरा उलट बाजू. १८७१ साली फिलाडेल्फियाच्या दा कोस्टा या डॉक्टरांनी अमेरिकन यादवीतल्या सैनिकांच्या धडधडीवर मोठा निबंध लिहिला. हृदयात दोष सापडेना, तरी त्यांनी तक्रार खरी धरली आणि तिला ‘चिडखोर हृदय’ असं नाव दिलं. पुढं लोक ‘सैनिकाचं हृदय’ म्हणू लागले. पुरुषाची धडधड झाली निदान आणि बाईची धडधड झाली नखरा!

आपल्या न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानलंय, पण शब्द आप्ताचा हवा. आप्त कोण? वात्स्यायन म्हणतात, ज्यानं वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो. मग तो ऋषी असो, आर्य असो नाहीतर म्लेच्छ. मंडळी, म्लेच्छाला जागा आहे, मग रिओ पिएद्रासच्या बाईला का नको? स्वतःच्या छातीबद्दल तिच्याइतकं आप्त दुसरं कोण?

पण इथं एक भेद करायला हवा. ‘धडधडतंय’ हे प्रत्यक्ष. ‘गोळीमुळे धडधडतंय’ हे अनुमान. अनुमान चुकू शकतं. धडधडीची कारणं पुष्कळ असतात, पंडुरोग, थायरॉईड, चहा-कॉफी, भीती. आणि गुठळीचा धोकाही प्रमाणात पाहायला हवा. अमेरिकन औषध प्रशासनाच्या आकड्यांनुसार वर्षाला दर १०,००० बायकांमागे गोळी न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या १ ते ५ जणींना गुठळी होते, गोळी घेणाऱ्या ३ ते ९ जणींना आणि गरोदरपणी ५ ते २० जणींना. तेव्हा घाबरून गोळी फेकणं हे उत्तर नव्हे. मात्र धडधडीबरोबर धाप, छातीत कळ, एका पायाला सूज असेल तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

आता भाचीचं. चार-पाच महिन्यांनी दुसऱ्या एका डॉक्टर बाईंनी तिचं रक्त तपासलं. हिमोग्लोबिन फारच खाली गेलेलं होतं. गोळी निर्दोष निघाली. तिचं अनुमान चुकलं होतं, पण प्रत्यक्ष शंभर टक्के खरं होतं. माझं मात्र दोन्ही चुकलं होतं. प्रमाणशास्त्र शिकवणारा मी, घरातली साक्ष न ऐकताच पेपराचं पान उलटलं.

एवढंच सांगायचं होतं. आता तुमचे प्रश्न घेऊ. आणि आज पहिला प्रश्न मागच्या रांगेतल्या मुलींनी विचारावा.