पीडीपी-११ : मॉडेलांची नावे आणि ओळख

पीडीपी-११ : अमेरिकेतील मेनार्ड (मॅसॅच्युसेट्स) येथील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ऊर्फ डेक या कंपनीची १६ बिटी लघुसंगणकांची मालिका. तिचे पहिले मॉडेल ११/२० हे १९७० मध्ये, तर अखेरची ११/९३ व ११/९४ ही मॉडेले १९९० मध्ये बाजारात आली. या वीस वर्षांत आज्ञासंचाचा गाभा तोच राहिला. मात्र प्रोसेसरची रचना, मेमरी आणि बस अनेकदा बदलल्या. त्यामुळे शेजारचे क्रमांक असलेली यंत्रे आतून वेगळी, तर वेगळ्या क्रमांकांची यंत्रे आतून एकच, असे या मालिकेत वारंवार आढळते. जुने यंत्र दुरुस्त करताना, त्याची संग्रहालयात नोंद करताना किंवा त्यासाठी आज्ञावली निवडताना नेमके मॉडेल ठरवणे म्हणूनच आवश्यक असते.

नामपद्धती : तिरप्या रेघेपुढचा आकडा हे बाजारातील नाव होय. तो कालक्रम दाखवत नाही. ११/७० हे मॉडेल १९७५ चे आहे, तर ११/३४ त्याच्यानंतरचे, १९७६ चे. सुरुवातीच्या काही जोड्यांत मात्र एक संकेत दिसतो. शून्याने संपणारा क्रमांक थेट वापरकर्त्याला विकल्या जाणाऱ्या यंत्राला मिळे. पाचाने संपणारा क्रमांक आपल्या यंत्रसामग्रीत संगणक बसवून विकणाऱ्या उत्पादकांसाठीच्या यंत्राला मिळे. ११/०५ व ११/१० या दोन्हींत केडी११-बी हाच प्रोसेसर आहे, तर ११/३५ व ११/४० या दोन्हींत केडी११-ए. ११/४५ ला हा संकेत लागू होत नाही. त्याची भावंडे ११/५० आणि ११/५५ ही प्रामुख्याने मेमरीच्या प्रकारावरून वेगळी ठरतात : ११/५० मध्ये मॉस प्रकारची, तर ११/५५ मध्ये त्याहून वेगवान द्विध्रुवी अर्धवाहक मेमरी असते.

बस : ओळख पटवण्याची पहिली पायरी म्हणजे बस पाहणे. मोठ्या यंत्रांत युनिबस असते. तिच्यात पत्ता व विदा यांसाठी स्वतंत्र वाहिन्या असून पत्ता १८ बिटांचा असतो. १९७५ च्या ११/०३ पासून लहान यंत्रांत क्यू-बस आली. तिच्यात पत्ता व विदा त्याच वाहिन्यांवरून आळीपाळीने जातात. या दोन बसचे बोर्ड परस्परांत चालत नाहीत. ११/२३ आणि ११/२४ यांत एफ-११ हा एकच चिपसंच आहे, पण पहिले क्यू-बसचे आणि दुसरे युनिबसचे यंत्र आहे. ११/८३ व ११/८४ या जोडीतही हाच फरक आहे.

बोर्ड व प्रोसेसर क्रमांक : दर्शनी फलक बदलता येतो, म्हणून त्यावरील नावापेक्षा बोर्डाच्या मुठीवरील ‘एम’ने सुरू होणारा क्रमांक अधिक विश्वसनीय ठरतो. ११/३४ व ११/३५ यांच्या क्रमांकांत एकाचाच फरक आहे. परंतु ११/३५ चा प्रोसेसर एम७२३१ ते एम७२३५ या पाच बोर्डांचा, तर ११/३४ चा एम७२६५ व एम७२६६ या दोनच बोर्डांचा आहे. ११/३४ए मध्ये त्यांची जागा एम८२६५ व एम८२६६ यांनी घेतली. तरंगता दशांश प्रोसेसर आणि कॅश मेमरी जोडण्याची सोय याच बोर्डांत आहे.

बोर्डाचा क्रमांकही काही वेळा पुरत नाही. ११/७३ आणि ११/८३ या दोन्हींत एम८१९० हा बोर्ड आढळतो. ११/८३ मधील त्याचा प्रकार १८ मेगाहर्ट्झवर चालतो, तर ११/७३ मधील १५ मेगाहर्ट्झवर. शिवाय ११/८३ मध्ये मेमरीचा बोर्ड प्रोसेसरच्या आधीच्या खाचेत बसवलेला असतो आणि तो प्रोसेसरशी खास वेगवान मार्गाने जोडला जातो. तोच बोर्ड प्रोसेसरनंतरच्या खाचेत बसवला तर साधी क्यू-बस मेमरी म्हणून काम करतो आणि वेगाचा लाभ मिळत नाही. म्हणून अशा यंत्राची नोंद करताना बोर्डांचा क्रमही लिहून ठेवावा लागतो.

दर्शनी फलक : फलकावरून प्राथमिक अंदाज मात्र बांधता येतो. ११/४५ व ११/७० यांचे फलक सारखे दिसतात आणि दोन्हींवर फिरवायच्या कळी आहेत. पण ११/४५ वर पत्त्यासाठी १८ खटके असतात, तर ११/७० वर २२. हा फरक मेमरीच्या कमाल मर्यादेतून आला आहे : १८ बिटांच्या पत्त्याने २५६ किलोबाइट, तर २२ बिटांच्या पत्त्याने ४ मेगाबाइट मेमरी गाठता येते.

आज्ञांवरून ओळख : यंत्र चालू असेल तर आज्ञावलीनेही मॉडेल ओळखता येते. बाइटांची अदलाबदल करणारी ‘स्वॅब’ ही आज्ञा ११/२० मध्ये अतिप्रवाहाचा निदर्शक बिट जसाच्या तसा ठेवते. नंतरच्या मॉडेलांत ती तो शून्य करते. उत्तरकालीन यंत्रांत ‘एमएफपीटी’ ही प्रोसेसरचा प्रकार सांगणारी आज्ञा आहे. तिचे उत्तर ११/४४ वर १, एफ-११ चिपसंचावर ३ आणि जे-११ चिपसंचावर ५ असे येते. ११/७३, ११/८३ व ११/९३ ही सर्व जे-११ ची यंत्रे असल्याने ती एकमेकांपासून वेगळी काढण्यास ही आज्ञा अपुरी पडते. जुन्या प्रोसेसरना ती ठाऊकच नसल्याने ते ती अवैध ठरवतात.

व्यावहारिक महत्त्व : आज्ञा व विदा यांसाठी स्वतंत्र पत्ताक्षेत्रे ११/४४, ११/४५, ११/७० आणि जे-११ च्या यंत्रांत आहेत, ११/३४, ११/४०, ११/२३ व ११/२४ यांत नाहीत. २.११बीएसडी ही युनिक्सची आवृत्ती या सोयीवाचून चालत नाही. सिमएच या अनुकारक प्रणालीतही म्हणूनच आज्ञावली चालवण्यापूर्वी योग्य मॉडेल निवडावे लागते. नोंदीत फलकावरील नाव, बस, प्रोसेसरचा क्रमांक, बोर्डांचे क्रमांक व क्रम आणि मेमरीचा प्रकार एवढे तपशील असले, म्हणजे यंत्राची ओळख निःसंदिग्ध होते.